झानारकंडपर्यंत पायी

फायनल फँटसी टेन संपवून आता बरेच दिवस झाले पण डोक्यातून काही जात नाहीये, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून मोकळं व्हावं. ज्यांना ही गेम पुढेमागे खेळायचीय त्यांनी इथूनच मागे फिरा, कारण मी शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, न सांगता यावर बोलताच येत नाही.

आधीच सांगते, मी गेमर-बिमर नाही. लहानपणी टीव्हीला लावायची कॅसेटवाली गेम, नंतर मोबाईलवर कँडी फोडणं, संपला इतिहास. ही गेम मूळची 2001 ची, प्लेस्टेशन टू वरची, स्क्वेअर कंपनीची. मी खेळले ती तिची एचडी आवृत्ती, पीसीवर 2016 ला आलेली. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, सेल लागला तेव्हा दिराने पुण्याहून गिफ्ट केली, मागोमाग कुरियरने कंट्रोलर धाडला आणि फोनवर एकच अट घातली, "वहिनी, काय वाट्टेल ते झालं तरी गूगल करायचं नाही. अडलात तर मला फोन करा." मी हो म्हटलं आणि खरंच पाळलं, आणि त्याबद्दल त्याचे उपकार मानायला पाहिजेत, कारण या गेममधली एक गोष्ट आधी कळली असती तर अर्धी मजा तिथेच गेली असती.

धुळ्यात देवपूरला आमचं मेडिकल आहे. रात्री दहाला शटर खाली, मग हिशोब, जेवणं, ओटा आवरणं, आणि अकरा-साडेअकराला जो काय वेळ उरेल तो माझा. सुरुवात केली ती नेमकी चैत्रात. चैत्रातलं धुळं ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजा की रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. घरात कूलर एकच, हॉलमध्ये, टीव्हीही तिथेच आणि कूलरसमोरच्या दिवाणावर सासूबाई. म्हणजे लॅपटॉप टीव्हीला जोडून खेळायचं तर त्यांच्या डोळ्यांदेखत. पहिल्या रात्री मला जाम अवघडल्यासारखं झालं, सून रात्री अकराला कंट्रोलर घेऊन बसलीय. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने कुशीवर वळल्या, बघत राहिल्या आणि विचारलं, "हाई पोर कोनी शे?"

ती पोर म्हणजे यूना.

गोष्ट थोडक्यात सांगते. टीडस नावाचा पोरगा, झानारकंड नावाच्या झगमगीत शहरातला ब्लिट्झबॉलचा स्टार. ब्लिट्झबॉल म्हणजे पाण्याच्या भल्यामोठ्या गोळ्यात पोहत खेळायचा बॉलचा खेळ. ऐन मॅचमध्ये सिन नावाचा अक्राळविक्राळ प्राणी येतो, शहराची वाट लावतो, आणि हा डोळे उघडतो तो स्पिरा नावाच्या दुसऱ्याच मुलखात, जिथे लोक त्याला सांगतात की बाबा रे, झानारकंड तर 1000 वर्षांपूर्वीच बेचिराख झालं. सिन तिथेही आहेच. कधीही समुद्रातून वर येतो आणि गावंच्या गावं पुसून टाकतो. त्याला थांबवायचा एकच मार्ग, समनर म्हणवणाऱ्यांनी देऊळ-देऊळ करत निघायचं, प्रत्येक देवळात प्रार्थना करून एकेक एऑन मिळवायचा, म्हणजे हाक मारली की लढायला धावून येणारी शक्ती, आणि शेवटी झानारकंडच्या पडक्या अवशेषांपर्यंत पोचून शेवटचा एऑन घ्यायचा, त्यानेच सिन मरतो. मग थोडी वर्षं शांतता. मग सिन परत हजर. यूना ही समनर, वय 17. तिचे वडील ब्रास्का यांनी 10 वर्षांपूर्वी सिनला मारलं होतं, त्यांचा पुतळा देवळात उभा आहे. टीडस तिच्या रक्षकांमध्ये सामील होतो आणि चालायला लागतो.

लढाईचं मला सुरुवातीला टेन्शन होतं, बटणं पटापट दाबायची वगैरे आपल्याला जमणार नाही. पण इथे पाळीपाळीने खेळायचं असतं. वर कोपऱ्यात यादी दिसते, आता कोण, मग कोण, आणि तुमची पाळी आली की तुम्ही ठरवेपर्यंत सगळं थांबतं. फोन आला, दूध उतू गेलं, खालून कुणी तापाची गोळी मागायला आलं, तरी शत्रू बिचारा तसाच उभा. संसारी माणसासाठी याहून सोयीचं काही नाही. यूना, टीडस आणि बाकीचे रक्षक धरून एकूण सात जण असतात, मैदानात तीनच, पण लढाई चालू असताना कुणालाही आत-बाहेर करता येतं. उडणारं काही आलं की वाक्का आणि त्याचा बॉल, टणक पाठीचं आलं की ऑरॉनची तलवार, थुलथुलीत फ्लॅन आला की लुलूची जादू, मशीन आलं की रिक्कू त्यातलं काहीतरी चोरते आणि ते जागेवरच कोसळतं. थोड्याच दिवसांत माझे हात आपोआप चालायला लागले आणि मी भाजी निवडताना विचार करायला लागले की यूनाला स्फिअर ग्रिडवर लुलूच्या वाटेने नेलं तर कसं. स्फिअर ग्रिड म्हणजे गोट्यांचं एक अवाढव्य जाळं, त्यावर एकेक घर पुढे सरकत ताकद वाढवायची. दिराला फोन करून विचारलं तर तो दहा मिनिटं बोलत होता, नवऱ्याला वाटलं घरात काहीतरी सीरियस झालंय.

पण मला जे सांगायचंय ते रस्त्याबद्दल. दीर म्हणाला की या मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये जगाचा मोठा नकाशा असायचा, त्यावर तुमचा छोटासा माणूस फिरायचा, दोन पावलांत डोंगर पार. टेनमध्ये तो नकाशा काढूनच टाकला. बेसेड बेटावरून निघायचं, बोटीने किलिका, तिथून लुका, मग मिहेनचा लांबलचक हमरस्ता, मशरूम रॉक, जोसे, मूनफ्लो नदी, विजांचं मैदान, मॅकलानियाचं जंगल, आणि हे सगळं पायी, खऱ्याखुऱ्या मापात. नदी तेवढी शूपफ नावाच्या प्राण्याच्या पाठीवरून ओलांडतात. काही लोक याला नावं ठेवतात, म्हणे सरळ एकच रस्ता आहे, इकडेतिकडे जाताच येत नाही. अहो पण पायी निघालेल्या माणसाला इकडेतिकडे जायचंच नसतं!

हे मी एवढ्या ठामपणे म्हणतेय कारण त्याच दिवसांत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आग्रा रोडने माणसं चालत होती. खान्देश हे सप्तशृंगीचं माहेर असं आमच्याकडे मानतात, आणि रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत शिरपूर-शहाद्याकडून, पार मध्य प्रदेशातूनही लोक पायी गडावर निघतात. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी. दिवसा डांबर तापलेलं असतं म्हणून रात्रीचे चालतात. भगवे झेंडे, कुणी अनवाणी, बायकांच्या डोक्याला ओले पंचे, रस्त्याच्या कडेला मंडप टाकून कुणी सरबत देतंय, कुणी पाय चेपून देतंय. सासूबाई स्वतः कितीतरी वर्षं गेल्या, गुडघ्यांनी बसवलं तेव्हा थांबल्या. खिडकीतून देवीचा गजर यायचा आणि टीव्हीवर यूना मिहेनच्या रस्त्याने चाललेली असायची, आणि तिथेही तेच, वाटेतले लोक थांबून नमस्कार करतात, कुणी औषधाची बाटली हातात ठेवतं, कुणी म्हणतं आमच्यासाठी प्रार्थना करा. मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटेल, पण माझा काही इलाज नाही, चैत्र होता.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी बघून बघून स्वतःची एक गोष्ट तयार केली होती. ऑरॉन म्हणजे यूनाचा बाप, हे त्यांनी पहिल्या दिवशी ठरवलं ते शेवटपर्यंत बदललं नाही. सीमोर नावाचा एक मोठा पुढारी-कम-महंत आहे तो यूनाला मागणी घालतो, तेव्हा तर त्या उठूनच बसल्या, स्थळ चांगलं आहे म्हणाल्या, फक्त डोक्यावर ते काय उगवलंय ते कापून घ्यायला सांगा. याच सीमोरने सख्ख्या बापाचा खून केलेला असतो. ते कळल्यावर त्यांनी दोन दिवस टीव्हीकडे पाठ केली.

मात्र त्यांनी एकदा एक प्रश्न विचारला. मूनफ्लोच्या आसपास होते मी. त्या म्हणाल्या, आम्ही जाताना पायी जायचो पण येताना नांदुरीहून यष्टीत बसायचो, पाय सुजलेले असायचे, कधी घर येतं असं व्हायचं. "पन परत कशी ई हाई पोर?"

मला उत्तर आलं नाही. आणि मग लक्षात आलं की गेममध्येही याबद्दल कुणीच बोलत नाहीये. एवढा लांबचा प्रवास, रात्री मुक्कामाला गप्पा, पण परत कसं यायचं, कधी यायचं, आल्यावर काय, एक शब्द नाही. बोलतो तो एकटा टीडस. सिनला मारलं की इथे जाऊ, तिथे जाऊ, मोठी पार्टी करू. आणि तो असं बोलला की बाकीचे गप्प होतात. लुलू नजर फिरवते. यूना हसते. मला वाटायचं की जुन्या गेमचं ॲनिमेशन आहे, होत असेल असं थोडं अवघडल्यासारखं.

मग बिकानेल वाळवंटातलं अल-बेड लोकांचं वसतिस्थान येतं, होम नाव त्याचं. अल-बेड म्हणजे देवस्थानाचे नियम न पाळणारे, यंत्रं वापरणारे, म्हणून सगळ्यांनी वाळीत टाकलेले लोक. ते समनरना पळवून नेऊन कोंडून ठेवत असतात, आणि मी तोपर्यंत त्यांना व्हिलन समजत होते. तिथे आग लागलीय, पळापळ चाललीय आणि त्यात टीडसला कळतं की त्यांना का कोंडलंय. शेवटचा एऑन बोलावला की सिन मरतो आणि बोलावणारा समनरही मरतो. प्रत्येक वेळी. यात्रा पुरी झाली म्हणजे यूना मेली. हे सगळ्यांना माहीत होतं. वाक्काला, लुलूला, ऑरॉनला, किमारीला, खुद्द यूनाला. माहीत नव्हतं ते फक्त टीडसला आणि मला. तो किंचाळतो, मला का नाही सांगितलं, मी तिला काय काय बोलत राहिलो, आणि मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बसले होते. सासूबाई झोपल्या होत्या. त्यांना उठवून सांगावंसं वाटलं, आई, ती परत येणार नाहीये.

त्यानंतर मागचं सगळं आपोआप परत आठवायला लागतं, आणि ही गेम खरी कुठे लागते तर इथे. मिहेनच्या रस्त्यावर एक छोटी मुलगी आईसोबत भेटते. ती यूनाला विचारते की तू सिनला घालवशील ना, शांतता आणशील ना. यूना वाकून तिच्याशी बोलते, वचन देते. मुलगी खूश, आई हात जोडते. मी तेव्हा तो सीन पटकन पुढे ढकलला होता, म्हटलं ठीक आहे, गोड आहे. आता काय झालं बघा, ती पोर सतरा वर्षांच्या मुलीला तोंडावर विचारतेय की तू माझ्यासाठी कधी मरणार, आणि तिची आई, जिला सगळं माहितीय, ती शेजारी उभी राहून कृतज्ञतेने बघतेय. कुणीही दुष्ट नाही त्यात. किलिकामध्ये सिनने मारलेल्या लोकांसाठी यूना संध्याकाळी पाण्यावर नाचते, मृतांना पुढे पाठवायचा विधी तो, खाली पाण्यात एकेक शव आणि वर ती अनवाणी, तेव्हा टीडसला वाटतं की हे हिला पुन्हा कधी करायला लागू नये. आता मला वाटलं की हिच्यासाठी कोण नाचणार.

आणि देवळातले पुतळे. पाच मोठे समनर, पहिली यूनालेस्का आणि शेवटचा ब्रास्का. मी तोपर्यंत ते जिंकलेल्यांचे पुतळे समजत होते.

वाक्काबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे कारण माझं त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडण झालं आणि शेवटी सगळ्यात जास्त माया पण त्याचीच लागली. माणूस मनाने लाख, पण देवस्थानाने सांगितलं ते ब्रह्मवाक्य. अल-बेड म्हटलं की तोंड वाकडं. त्याचा धाकटा भाऊ चप्पू, त्याने वाक्काने दिलेली तलवार घरी ठेवली, यंत्राचं हत्यार घेऊन सिनशी लढायला गेला आणि मेला, आणि वाक्काने तो सगळा दोष यंत्रांवर आणि अल-बेडवर टाकला. ती घरी राहिलेली तलवार तो पहिल्याच गावात टीडसला देतो. मग पुढे कळतं की आपल्यासोबत इतके दिवस हसत-खेळत चालणारी रिक्कू अल-बेडच आहे, तेव्हा हा तिच्याशी ज्या तऱ्हेने वागतो ना, मला आमच्या नात्यातली निदान चार माणसं डोळ्यांसमोर आली. जेवायला वाढतील, अडीनडीला पैसे देतील, पण एकदा आडनाव कळलं की आवाज बदलतो. चांगली गोष्ट ही की गेम त्याला एका भाषणात सुधारत नाही. बेव्हेलच्या मुख्य देवस्थानात आत सगळीकडे यंत्रंच यंत्रं चाललेली त्याला दिसतात, सगळ्यात मोठा धर्मगुरू मिका हा तर मेलेला माणूस आहे आणि मेल्यावरही गादी सोडत नाहीये हे कळतं, तेव्हा कुठे हळूहळू त्याचा चेहरा उतरत जातो.

नावं ठेवायला जागा भरपूर आहे, ठेवते. देवळातली ती गोळे उचलून खाचेत बसवायची कोडी अत्यंत कंटाळवाणी. ब्लिट्झबॉल मला शेवटपर्यंत कळला नाही, बेसेडची टीम 23 वर्षं हरत आलीय असं सांगतात आणि माझ्या हातात येऊनही त्यांच्या परंपरेला धक्का लागला नाही. इंग्रजी आवाज आणि ओठ जुळत नाहीत. सीमोर चार वेळा मारावा लागतो, चार, आणि दरवेळी नवीन अवतारात तेच तत्त्वज्ञान. पीसीवर वेग वाढवायची आणि रस्त्यातल्या लढाया बंद करायची सोय आहे, ती मी वापरली, दिराने नाक मुरडलं, मुरडू दे, त्याला सकाळी सातला दुकान उघडायचं नसतं.

संगीताला मात्र नाव ठेवणारीच नाही. नोबुओ उएमात्सु या मालिकेचा जुना संगीतकार, यात पहिल्यांदा त्याच्यासोबत मासाशी हामाउझु आणि जुनया नाकानो होते. सुरुवातीचा पियानो सगळ्यांना माहितीय, मला जास्त धरलं ते देवळातल्या स्तोत्राने. स्तोत्र एकच, पण प्रत्येक देवळात आवाज वेगळा, कुठे बाईचा, कुठे जाड्या पुरुषाचा, कुठे लहान मुलाचा. नंतर कळतं की हे आवाज त्या माणसांचे आहेत ज्यांनी एऑन होण्यासाठी जीव दिलाय. आणि होम स्वतःच्या हाताने उडवून द्यायची वेळ येते तेव्हा देवस्थानाला न मानणारे अल-बेडही विमानात तेच स्तोत्र म्हणतात. सासूबाई दुपारी डाळ निवडताना ते गुणगुणत होत्या. चाल बरोब्बर.

गागाझेट डोंगरावर सीमोरच्या तिसऱ्या अवताराने मला रडवलं. तो भाल्याने एकेकाला झॉम्बी करतो आणि मग त्याच्यावर जिवंत करायचा मंत्र टाकतो, झॉम्बीवर तो उलटा चालतो, माणूस खल्लास. परत खाली येऊन ग्रिडवर ताकद वाढवायला कितीतरी रात्री गेल्या. आणि गंमत म्हणजे मला बरंच वाटत होतं! कारण डोंगर पार केला की झानारकंड. मी मुद्दाम रेंगाळत होते. शांत मैदानात चोकोबो नावाचे मोठाले पक्षी पळवले, गुहेत जाऊन पैसे घेऊन लढणारा योजिंबो मिळवला, काय काय उगीच केलं. टीडसही तेच करत असतो, प्रत्येक वळणावर म्हणतो थोडं थांबूया का. डोंगराच्या शेवटाला यूनाच्या हातून एक रेकॉर्डिंगचा गोळा पडतो, त्यात तिने आपल्या मागे एकेकाने ऐकावा म्हणून निरोप भरून ठेवलाय. वाक्का, लुलू, किमारी, सगळ्यांचे आभार. तिने ते कधीचं करून ठेवलेलं असतं.

झानारकंडला पोचल्यावर शेकोटीभोवती सगळे बसलेत, हत्यारं जमिनीत रोवलेली. गेमचा पहिला सीन हाच होता. म्हणजे इतका वेळ टीडस ही सगळी गोष्ट त्या शेकोटीपाशी बसून सांगत होता, आणि आता गोष्ट संपली, इथून पुढचं त्यालाही माहीत नाही. आतमध्ये हजार वर्षं मेलेली तरी राहिलेली यूनालेस्का उभी. ती सांगते की शेवटचा एऑन आयता मिळत नाही, तो एका रक्षकापासून करावा लागतो, जो सगळ्यात जवळचा असेल त्याच्यापासून. आणि सिनला मारल्यावर तोच पुढचा सिन होतो. म्हणजे आत्ताचा सिन हा टीडसचा बाप जेक्ट. म्हणजे ब्रास्का मेला, जेक्ट राक्षस झाला, दहा वर्षं गेली आणि सगळं जिथल्या तिथे. इतक्या पोरी-पोरांनी जीव दिला तो कशासाठी, तर लोकांना काहीतरी आशा असावी म्हणून. यूना तिथे नाही म्हणते. हळू आवाजात, रडत, पण नाही म्हणते.

ती लढाई अवघड आहे. तीन रूपं, मध्ये ती सगळ्यांना झॉम्बी करते, तुम्ही हौसेने पवित्र पाणी शिंपडून सगळ्यांना बरं करता, आणि तिसऱ्या रूपात ती असा एक वार टाकते ज्यात जो झॉम्बी नाही तो मरतो. हरलं की आधीचा तो सगळा संवाद परत. शेवटी जिंकले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. नवरा पाणी प्यायला उठला होता, माझा चेहरा बघून घाबरला, "काय व्हयनं तुले?" म्हटलं काय बी नई, यूनालेस्का मेली. तो परत झोपायला गेला.

शेवट सांगते. सिनच्या पोटात शिरायचं, आत जेक्ट भेटतो, त्याच्याशी लढायचं. लढताना टीडसला बापाशी बोलायचा पर्याय असतो, ते बोलणं तेवढं जपून वापरलं मी. पण मला जे सहन झालं नाही ते त्याच्या नंतरचं. मूळ शक्ती यू येव्हन, ती एकेका एऑनच्या अंगात शिरणार, म्हणून यूनाने आपले एऑन एकेक करून बोलवायचे आणि बाकीच्यांनी ते मारायचे. क्रम तुम्ही निवडायचा. बेसेडच्या देवळातला व्हॅलेफॉर, अगदी पहिला, उंच पंखांचा, ज्याच्या पाठीवर बसून यूना बेव्हेलच्या त्या जबरदस्तीच्या लग्नातून निसटली. इफ्रित, इक्सिऑन, शिवा, बहामुत सगळे झाले, त्याला मी शेवटी ठेवलं. तो येतो तसाच आला, यूनासमोर मान खाली घालून. आणि पाळी माझी. आधी सांगितलं ना, तुम्ही ठरवेपर्यंत गेम थांबते. बराच वेळ थांबली. या लढाईत तुम्ही हरूच शकत नाही, मेलं की आपोआप उठता, म्हणजे गेमला जिंकणं-हरणं नकोच आहे, तिला फक्त हे हवंय की ते तुम्ही तुमच्या हाताने करा.

मग टीडस. तो झानारकंडचा नाहीच, झोपलेल्या आत्म्यांच्या स्वप्नातला आहे, ते जागे झाले की हा नाही. इतका वेळ सगळे यूना मरणार हे त्याच्यापासून लपवत होते आणि शेवटच्या टप्प्यात आपण मरणार हे त्याने यूनापासून लपवलं. ती त्याला मिठी मारायला धावते आणि त्याच्यातून आरपार जमिनीवर पडते. मी जे रडलेय. लाज वगैरे काही नाही, कूलरचा आवाज होता म्हणून बरं.

दिराचा फोन, "वहिनी, आता खरी गेम सुरू, डार्क एऑन मारा, लुलूच्या बाहुलीसाठी विजा चुकवा, सलग दोनशे." म्हटलं भाऊजी, मला नाही चुकवायच्या. ताकद वाढवून मी काय करू, ज्यांच्यासाठी लढायचं ते गेले ना. त्याला हे पटत नाही. त्याच्या मते मी गेम पुरी केलेलीच नाही, आणि आमचा हा वाद अजून चालू आहे, दिवाळीला तो येईल तेव्हा परत होईल.

त्याच डाउनलोडमध्ये पुढचा भागही आहे, टेन-टू, 2003 चा. गोष्ट दोन वर्षांनंतरची. बरेच दिवस हात लावला नव्हता, परवा म्हटलं बघू तरी. सुरुवातीलाच लुकाचं स्टेडियम, लेझर-बिझर, गर्दी, आणि स्टेजवर यूना हातात माइक घेऊन नाचतेय. सासूबाई जाग्या होत्या. म्हणाल्या, "हाई ती पोर नई शे." मी समजावलं, आई, तीच आहे, दोन वर्षं झालीत, जग बदललंय, पोरी बदलतात. त्यांनी मान हलवली, नई म्हणाल्या आणि कूस बदलली. पुढे थोड्याच वेळात गेमने सांगितलं की स्टेजवर नाचणारी यूना नव्हतीच, तिचं रूप घेऊन दुसरीच एक बाई नाचत होती, लब्लांक नावाची. सकाळी चहा देताना त्यांना हे सांगितलं तर बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "मंग, मी काय खोटं सांगस का?"